मनोरुग्णालयातले तंबू : नातेवाईक उपचारात कसे आले?

"डॉक्टर, आमचं काय चुकलं?" स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की बरेच आईवडील हा प्रश्न विचारतात. त्यामागे मोठा इतिहास आहे. मानसिक आजाराच्या उपचारात घरच्यांना आधी बाहेर ठेवले गेले, मग दोषी ठरवले गेले आणि खूप उशिरा सोबत घेतले गेले.

फाटकाबाहेर

ब्रिटिश काळात रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करणे हा मुख्यतः कायद्याचा मामला होता. १९१२ च्या कायद्यानुसार अनेक रुग्ण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने दाखल होत. आपल्याकडील येरवडा, ठाणे आणि रत्नागिरीची मनोरुग्णालये ब्रिटिश काळातलीच. रुग्णाला सोडायचे आणि परत जायचे, एवढीच घरच्यांची भूमिका. वर्षे गेली की घराला त्या माणसाशिवाय जगायची सवय होई. मग तो बरा झाला तरी न्यायला कोणी येत नसे.

अमृतसरचा प्रयोग

फाळणीनंतर, १९५० च्या अखेरीस, लाहोरच्या मनोरुग्णालयातील शेकडो हिंदू आणि शीख रुग्णांना अमृतसरला आणण्यात आले. तिथे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. जागा अपुरी, कर्मचारी कमी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला सांगितले. रुग्णाचे खाणेपिणे, आंघोळ, सोबत हे सगळे घरचे बघत. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत.

सुरुवात अडचणीतून झाली, पण फायदे लवकर दिसले. रुग्णाची भीती कमी झाली. 'हा आजार बरा होतच नाही' हा समज घरच्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खोटा ठरताना पाहिला. शिवाय घरी गेल्यावर काय करायचे, हे ते तिथेच शिकले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले, तिथेही नातेवाइकाने सोबत राहणे हा उपचाराचाच भाग ठरला.

पश्चिमेत आरोप, मग संशोधन

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळेच वारे होते. थंड, हुकमत गाजवणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असे १९४८ पासून मानसोपचारात मांडले जात होते. याला पुरावा कधीच मिळाला नाही, पण असंख्य आयांनी हा ठपका आयुष्यभर वागवला. आज आपल्याला माहीत आहे की या आजारात आनुवंशिकता आणि मेंदूतील बदल यांचा मोठा वाटा असतो. संगोपनातील चुकीमुळे तो होत नाही.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी प्रश्न बदलला. आजार कशामुळे झाला हे न विचारता, घरी गेल्यावर तो पुन्हा का उलटतो, हे त्यांनी पाहिले. सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. हे वागणे बहुधा थकव्यातून आणि अज्ञानातून येते, म्हणजेच ते बदलता येते. ज्युलियन लेफ यांनी १९८२ मध्ये ते दाखवून दिले. अशा घरांतील नातेवाइकांना आजाराची माहिती दिली, त्यांचे गट घेतले, घरी जाऊन चर्चा केली. नऊ महिन्यांत नेहमीच्या उपचारांवरील निम्म्या रुग्णांचा आजार उलटला. कुटुंबाला मदत मिालेल्या गटात हे प्रमाण दहात एकाच्या आसपास होते. दोन्ही गटांची औषधे चालू होती, हे विसरू नका.

कर्मचाऱ्यांनाही शिकावे लागते

या इतिहासातली बाजूला राहिलेली गोष्ट म्हणजे प्रशिक्षण. नातेवाइकाला वॉर्डात बसायला खुर्ची दिली म्हणजे त्याला सामील केले असे होत नाही. 'तो आळशी नाही, हे आजाराचे लक्षण आहे' हे न रागावता सांगणे, थकलेल्या आईचे ऐकून घेणे, धोक्याची चिन्हे समजावणे ही कौशल्ये आहेत. परिचारिका, वॉर्डबॉय, समाजसेवक आणि डॉक्टर, सगळ्यांनाच ती शिकावी लागतात.

मराठी समाजात हे काम अनेकदा नातेवाइकांनीच पुढे नेले. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. स्वमदत गटांत आज रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात.

तुम्ही काय कराल?

उपचार सुरू होताना चार गोष्टी विचारा : आजार काय आहे, औषधे किती काळ लागतील, आजार उलटण्याची पहिली चिन्हे कोणती आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर कोणाला फोन करायचा. रुग्णाच्या संमतीचा मान राखा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपला प्रतिनिधी कोण असावा, हे प्रौढ रुग्ण स्वतः लेखी ठरवू शकतो. घरातल्याच कोणाचा त्याला त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना कळायला हवे.

आणि सांभाळण्याचा सगळा भार घरातल्या एकाच बाईवर टाकू नका. ती आजारी पडली, तर दोघांचेही उपचार थांबतात.