वेल्सच्या आधीचा गंगाराम

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना बहुधा १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेपासून आरंभ केला जातो. परंतु अठराव्या शतकातील युरोपीय चित्रविद्येशी मराठी कलावंताची गाठ त्याआधी सहा-सात दशके, पेशव्यांच्या पुण्यातच पडली होती.

इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुणे दरबारी रुजू झाला. त्याच्या प्रोत्साहनाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची तैलचित्रे त्याने रंगवली. शनिवारवाड्यात स्थानिक कलावंतांसाठी चित्रशाळाही निघाली. तिच्याशी निगडित असलेले ठळक नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट.

गंगारामला वेल्सचा शिष्य म्हणून ओळखण्याची रीत आहे. तिथी मात्र काही वेगळेच सांगतात. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने मॅलेटसाठी केलेले चित्र १७९० मधील आहे. वेल्स तेव्हा हिंदुस्थानातही आलेला नव्हता. त्या चित्रात कातडीच्या जाड घड्या छायाप्रकाशाने उठावदार केल्या आहेत. आडनावाप्रमाणे तांबटाचा वारसा सांगणाऱ्या या कलावंताला पृष्ठभागाचा उंचसखलपणा शिकवण्यासाठी परक्या गुरूची वाट पाहावी लागली नसावी. नव्या विद्येतून त्याने आपल्याला हवे तेवढे उचलले, असे म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल.

१७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही ठाण्यास वारला आणि चित्रशाळेचा आधार तुटला. वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांचा चित्रसंग्रह १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुणे दरबाराचे भव्य तैलचित्रही त्याने १८०५ मध्ये पूर्ण केले. १७९० च्या तहाचा तो दरबार डॅनियलने स्वतः पाहिलेला नव्हता. उलट, वेरूळची लेणी प्रत्यक्ष रेखाटणाऱ्या गंगारामची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

प्रभावाचा इतिहास देणाऱ्याच्या बाजूने लिहिला की घेणारा केवळ अनुकरण करणारा ठरतो. साहित्यात ही चूक आपण ओळखू लागलो आहोत. चित्रकलेतही ती ओळखायची असेल, तर गंगारामचे नाव वेल्सच्या चरित्रातील तळटीपेतून काढून आपल्या कलेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात आणावे लागेल.