संशयाचे कर्जखाते

उचल करावी तर गोविंद बल्लाळ देवलांसारखी! बँकेत कर्जाच्या खातेवह्या चाळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाने त्यांच्यापुढे हात जोडावेत. मूळ भांडवल फ्रान्सचे. मोलिएरचे ‘स्गानारेल’, साल १६६०. आर्थर मर्फीने त्यावरून इंग्लंडात १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ केले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले, नि त्यात पदे घालून १९१६ साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले ते ‘संगीत संशयकल्लोळ’. तीन देश, तीन भाषा, अन् जामीन कोणीच नाही!

पात्रांची नावे थेट पंचांगातली : फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती. बायकोवर संशय घेणारा नवरा बाराही महिने मिळतो. म्हणून ही हुंडी मराठी मुलखातही वटली.

आता कोणी शहाणा म्हणेल, विनोदाला घाई असते. मध्येच पद म्हणजे धावत्या गाडीची साखळी ओढणे. पण गंमत अशी, की घोटाळा करणारी ती तसबीर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पडते. अंधारात असतात ती फक्त पात्रे. मग घाई कोणाला? बालगंधर्वांच्या रेवतीने खुशाल गावे, गणपतराव बोडसांच्या फाल्गुनरावाने खुशाल जळावे!

हौशी मंडळींनाही हे नाटक म्हणूनच मानवते. गळा बेताचा असला तरी संशय खणखणीत हवा. आणि त्याची तालीम, वाचकहो, बहुतेकांची घरीच झालेली असते.