'सुनिश्चित' या शब्दाची किंमत

बीजगणिताच्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहिली जाते : वस्तूंचा सुनिश्चित समूह म्हणजे संच. 'आठवड्याचे वार' हा संच, 'वर्गातील हुशार मुले' हा संच नव्हे, एवढे मुले पाठ करतात. पण व्याख्येतील 'सुनिश्चित' या शब्दावर एवढा भर का? त्यासाठी थोडे इतिहासात डोकवावे लागते.

संच ही कल्पना शाळेसाठी जन्मलेली नाही. जर्मनीतील हाले विद्यापीठातील गणिती गेऑर्ग कँटर (१८४५-१९१८) हे १८७० च्या सुमारास त्रिकोणमितीय श्रेणींचा अभ्यास करत होते. त्या कामात त्यांना बिंदूंचे अनंत समूह हाताळावे लागले. अशा दोन समूहांची तुलना करायची कशी? कँटर यांनी जोड्या लावल्या. सभागृहात प्रत्येक खुर्चीवर एकेक माणूस बसला असेल आणि कोणी उभे नसेल, तर माणसे व खुर्च्या सारख्याच आहेत हे न मोजताही कळते. हीच एकास-एक संगती. १, २, ३... यांच्यासमोर २, ४, ६... मांडले तर कोणीच एकटे उरत नाही. मात्र सर्व वास्तव संख्यांची नैसर्गिक संख्यांशी अशी संगती लागूच शकत नाही, हे कँटर यांनी १८७३ च्या डिसेंबरमध्ये सिद्ध केले. म्हणजे अनंतातही लहानमोठे असते! बर्लिनचे लिओपोल्ड क्रोनेकर यांनी या विचारांना कडाडून विरोध केला.

येना येथील गोटलोब फ्रेगे यांना अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभे करायचे होते. कोणतीही अट सांगा, ती पाळणाऱ्या वस्तूंचा समूह असतोच, असे त्यांच्या मांडणीत गृहीत होते. ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असतानाच जून १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेल यांचे पत्र आले. त्यातील अडचण आपण ग्रंथालयाच्या उदाहरणाने पाहू.

समजा, ज्या सूचींमध्ये त्यांचा स्वतःचा उल्लेख नाही, अशा सर्व सूचींची एक महासूची करायची आहे. तिच्यात तिचे स्वतःचे नाव घालावे का? घातले, तर ती स्वतःचा उल्लेख करणारी ठरते, म्हणून नाव गाळायला हवे. गाळले, तर ती उल्लेख न करणारी ठरते, म्हणून नाव घालायला हवे! सूचीऐवजी 'संच' आणि उल्लेखाऐवजी 'घटक' म्हटले की रसेल यांचा विरोधाभास तयार होतो. फ्रेगे यांनी प्रामाणिकपणे परिशिष्ट जोडून ही अडचण मान्य केली. खंड १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण पाया खचला होता.

१९०८ मध्ये एर्न्स्ट झर्मेलो यांनी संचांसाठी स्वयंसिद्धके मांडली. त्यांतील एक असे : केवळ अट सांगून संच निर्माण होत नाही, आधी हाती असलेल्या संचातून नेमक्या अटीने उपसंच वेगळा काढता येतो. शाळेत आपण आधी विश्वसंच ठरवतो, तो याच सावधगिरीशी जुळतो. विश्वसंच म्हणजे 'जगातले सर्व काही' नव्हे. तो त्या उदाहरणापुरता ठरवलेला संच असतो.

हीच शिस्त व्यवहारात उपयोगी पडते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्यांची जी रचना सुचवली, ती संचांवरच आधारलेली होती. संगणकावर माहिती शोधताना 'आणि' म्हटले की छेद होतो, 'किंवा' म्हटले की संयोग.

गावातील एखाद्या योजनेची यादी घ्या. 'गरजू कुटुंबे' असे लिहिले तर तो संच नव्हे. कोणाचे नाव घालायचे, हे यादी करणाऱ्याच्या मर्जीवर राहते. 'एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली कुटुंबे' म्हटले की प्रत्येक घराबद्दल 'होय' किंवा 'नाही' सांगता येते. तरीही जमीन थोडी पण दुकान मोठे, असे घर यादीत येईलच. संच सुनिश्चित झाला म्हणजे तो न्याय्य झाला असे नाही. पण अट नेमकी असेल, तरच ती कोठे चुकते हे बोट ठेवून दाखवता येते.

म्हणून व्याख्या पाठ करून घेण्याआधी वर्गाला 'गरजू कुटुंब' याची नेमकी अट लिहायला सांगावे आणि शेजारच्या गटाला त्या अटीतील त्रुटी शोधू द्याव्यात. 'सुनिश्चित' या शब्दाचा अर्थ त्या वादातून मुलांना आपोआप कळेल.