विमा सर्व्हेअरचं लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं का?

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेला मांजरसुंबा आहे. इथल्या घाटातून कर्नाटक, तमिळनाडू, गुजरातच्या पाट्या लावलेल्या मालगाड्या दिवसरात्र जातात. गावातून पाटोद्याकडे आणि केज-अंबाजोगाईकडे रस्ते फुटतात. समजा, विजयपूरचा ट्रक या घाटात उलटला. पॉलिसी तिकडच्या शाखेची, माल इंदूरच्या व्यापाऱ्याचा. मग नुकसान पाहायला सर्व्हेअर कुठल्या राज्याचा येणार?

कुठलाही चालतो. नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या सर्व्हेअरला लायसन्स राज्य सरकार देत नाही. ते विमा नियामक आयआरडीएआय देतं, आणि ते देशभर चालतं. बीडचा सर्व्हेअर कर्नाटकच्या पॉलिसीचा दावा पाहू शकतो, बेळगावचा सर्व्हेअर बीडमध्ये येऊ शकतो. वेगळी परवानगी लागत नाही.

अमेरिकेतली गोष्ट उलटी आहे. 1945 च्या मॅकरन-फर्ग्युसन कायद्यानुसार तिथे विमा हा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यामुळे टेक्सासचं लायसन्स असलेल्या ॲडजस्टरला फ्लोरिडात काम करायचं तर तिथलं लायसन्स लागतं. काही राज्यं अशा लायसन्सची अटच घालत नाहीत. तिथल्या रहिवाशाला मग दुसरंच एखादं राज्य ‘होम स्टेट’ म्हणून निवडावं लागतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेले नियम इथे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

भारतात अडवणारी रेघ दुसरी आहे. लायसन्स विभागवार मिळतं: मोटर, आग, सागरी माल, सागरी जहाज, इंजिनिअरिंग, पीकविमा वगैरे. नावात ‘सागरी’ असलं तरी रस्त्यावरून जाणारा मालही त्याच विभागात येतो. त्यामुळे घाटातल्या त्या ट्रकचे दोन दावे होतात, एक गाडीचा आणि एक मालाचा. फक्त मोटरचं लायसन्स असलेल्या सर्व्हेअरला मालाचं नुकसान ठरवता येत नाही, मग तो शेजारच्या गावातला का असेना. लोक राज्य विचारत बसतात, विभाग कुणी विचारत नाही.

लायसन्सची वाट लांब आहे. विमा कायदा 1938 चं कलम 64 यूएम आणि 2015 चे नियम यांनुसार आधी विभागाला साजेसं शिक्षण लागतं. मोटरसाठी मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलची पदवी अथवा डिप्लोमा चालतो. मग 12 महिने जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली प्रशिक्षण, भारतीय विमा संस्थेची परीक्षा आणि सर्व्हेअरांची संस्था आयआयआयएसएलएचं सभासदत्व. या नियमांत लायसन्सची मुदत तीन वर्षांची आहे, पुढे नूतनीकरण.

एवढं करून काम मिळेलच असं नाही. सर्व्हेअर विमा कंपनी नेमते आणि ती बहुधा आपल्या यादीतला, जवळचा माणूस पाठवते. बीड सोडून दुसऱ्या राज्यात बस्तान हलवणाऱ्याचं लायसन्स तेच राहतं, पण तिथल्या कंपन्यांच्या यादीत नाव नव्यानं लावावं लागतं.

मोटरच्या दाव्यात नुकसान 50,000 रुपयांच्या आणि इतर दाव्यांत एक लाखाच्या वर असेल, तर लायसन्सधारक सर्व्हेअर लागतो. 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीनं कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि त्यानं 15 दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल मिळवणं हे कंपनीचं काम आहे, गाडीमालकानं त्यामागे हेलपाटे घालायचे नाहीत.

चालकानं मात्र लगेच कंपनीला फोन करावा. मोठ्या अपघातात जागेवरच ‘स्पॉट सर्व्हे’ होतो. रस्ता मोकळा करायला पोलिसांनी गाडी हलवायला सांगितलं, तर आधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, सांडलेल्या मालाचेही. सर्व्हेअर आला की लायसन्स क्रमांक आणि विभाग विचारावा. आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर नोंद तपासता येते. सर्व्हेअरनं काढलेला आकडा कंपनीवर बंधनकारक नसतो, म्हणून अहवालाची प्रत मागून ठेवावी. रक्कम कापली गेली, तर तक्रार करताना तीच दाखवता येते.