पदक नाही म्हणून शौर्य नाही? सोननाक तननाकच्या निमित्ताने

‘तुमच्या लोकांनी लढाया केल्या म्हणता, मग पदके दाखवा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला एक तरी महार शिपाई सांगा.’ हा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. विचारणारा निरुत्तर करण्यासाठी विचारतो आणि आपली पोरेही गप्प बसतात. पण प्रश्न विचारण्याआधी पदक देणाऱ्याचे नियम तपासायला हवेत. ज्या स्पर्धेत आपल्याला उतरूच दिले नाही, तिच्या निकालावरून आपली लायकी ठरवायची का?

आधी एका शिपायाची गोष्ट पाहू.

16 एप्रिल 1880. दुसरे अफगाण युद्ध. कंदाहारच्या वाटेवर दाब्राई नावाचे एक छोटे ठाणे होते. तिथे मुंबई फौजेच्या 19व्या पायदळ पलटणीचा मेजर सिडनी वॉडबी होता आणि त्याच पलटणीचे दोन शिपाई होते, इलाही बक्ष आणि सोननाक तननाक. हल्ला होणार अशी खबर आधीच आली होती. निघून जाता आले असते. पण त्यांनी ठाणे सोडले नाही. सुमारे तीनशे हल्लेखोरांना त्यांनी तीन तास थोपवून धरले. दारूगोळा संपल्यावर ते बाहेर पडले, शत्रूच्या गर्दीत घुसले आणि लढता लढता मेले.

पुढे काय झाले? मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका रस्त्याला वॉडबी रोड हे नाव मिळाले. आज त्याला हजारीमल सोमाणी मार्ग म्हणतात. पलटणीने स्मारक उभारले आणि त्यावर दोन्ही शिपायांची नावे कोरली, हे त्यातल्या त्यात चांगले. पण रस्ता साहेबाचा झाला. मरण तिघांना सारखेच आले होते, आठवण मात्र हुद्द्याप्रमाणे वाटली गेली.

आता पदकाकडे या. व्हिक्टोरिया क्रॉस 1856 साली सुरू झाला. हिंदी शिपायांना तो मिळण्याची सोय झाली 1911 साली. तोपर्यंत त्यांच्यासाठी 1837पासूनचे वेगळे ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ होते. म्हणजे 1880 साली सोननाक काय, इलाही बक्ष काय, कोणीही हिंदी शिपाई कितीही शौर्याने लढला असता तरी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता.

आणि 1911 साली हे दार उघडले तेव्हा महार सैन्यात होते कुठे? 1892-93च्या सुमारास लष्कराची जातवार फेररचना झाली. ‘लढवय्या जाती’ नावाचा सिद्धांत आला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता होता. ज्या समाजाने मुंबई फौजेला पिढ्यान् पिढ्या शिपाई दिले, त्यालाच ‘लढवय्या नाही’ ठरवून भरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच शेवटच्या पिढीतले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी या बंदीविरुद्ध अर्ज केले. पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी हाच सवाल इंग्रजांच्या तोंडावर फेकला: तुमच्या आधी आम्हाला लष्करात जागा नव्हती, आज तरी आहे का?

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभी केली. गरज सरल्यावर 1921पर्यंत ती मोडली. पुन्हा दार उघडायला 1941 उजाडले. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. संधी मिळाल्यावर काय घडले? 24 डिसेंबर 1947 रोजी काश्मीरमध्ये झांगड इथल्या लढाईसाठी याच पहिल्या पलटणीचे नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. बंदी उठल्यावर जेमतेम सहा वर्षांनी!

इथे आपल्या बाजूनेही शिस्त पाळली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर महार रेजिमेंट सर्व जातींची झाली. 1987 साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या 8व्या पलटणीचे, पण ते तमिळ कुटुंबातले. रेजिमेंटचे नाव म्हणजे शिपायाची जात नव्हे. कोरेगावचेही तसेच. 1 जानेवारी 1818ला लढलेल्या पलटणीत महारांसोबत मराठे, मुसलमान आणि इतरही होते. स्तंभावरच्या 49 नावांपैकी 22 ‘नाक’ची आहेत. हा आकडा पुरेसा मोठा आहे. तो फुगवून सांगितला की विरोधकाला आयते कोलीत मिळते.

हा ‘नाक’ प्रत्यय म्हणजे संशोधकाच्या हातातला दिवा आहे. मुंबई फौजेत शिपायाच्या नावापुढे बापाचे नाव लावत. रामनाक येसनाक म्हणजे येसनाकचा मुलगा रामनाक. पुढच्या पिढ्यांनी हा प्रत्यय टाकला, आडनावे घेतली, आणि 1956नंतर तर नावेच नवी झाली. मुक्तीसाठी ते आवश्यक होते. पण त्यामुळे पणजोबांचे कागद आणि आजचे आधार कार्ड यांचा सांधा तुटला. तो आपल्यालाच जुळवावा लागेल. शिवाय इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, म्हणून एकच नाव चार स्पेलिंगांत शोधायची तयारी ठेवा.

खान्देशच्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. 1825 साली जेम्स औट्रमने खान्देश भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे आपल्या धरणगावला होते. औट्रमचा पुतळा लंडनला थेम्सच्या काठी उभा आहे. त्याच्या हाताखालच्या भिल्ल शिपायांची दहा नावे धरणगावच्या शाळेतल्या मुलांना सांगता येतील का? म्हणजे हा प्रश्न एका जातीचा नाही. खालच्या माणसाचे नाव गाळून इतिहास लिहायच्या सवयीचा आहे. महायुद्धातही तेच झाले. बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांची फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने 2021 साली स्वतःच्या अहवालात कबूल केले की किमान 1 लाख 16 हजार मृतांची नावाने आठवण ठेवलेली नाही.

मग करायचे काय? जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत कामानिमित्त फिरताना ‘आमचा आजा पलटणीत होता’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते वाक्य पुराव्यात बदलायचे आहे. घरातले पदक मोडीत घालण्याआधी त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीऐवजी काशाचे असेल तर आजा बहुधा मजूर तुकडीत होता, तीही सेवाच. डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा कागद यांचे फोटो काढून ठेवा. नंबर आणि पलटण मिळाली की पुढची वाट सापडते: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, महार रेजिमेंटचे सागर येथील केंद्र, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, आणि मृतांसाठी युद्धस्मशान आयोगाची ऑनलाइन यादी. गावाच्या चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले’ अशी दगडी पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या आणि त्या आकड्यामागची नावे म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने सरदार-जहागीरदारांच्या घरांतले कागद जपले, त्यामुळे त्यांचा इतिहास लिहिता आला. आपल्या पत्र्याच्या पेट्यांतले कागद कोण जपणार?

‘इंग्रजांची चाकरी केली’ हा टोमणा येईलच. त्याला उत्तर एवढेच की मुंबई, मद्रास, बंगालच्या फौजांत ब्राह्मणांपासून सगळे होते, मग टोमणा आपल्यालाच का? आणि आपण साम्राज्याचे गुणगान करण्यासाठी ही नावे शोधत नाही. ज्याला गावात सावलीचीही बंदी होती, त्याच्या हातात बंदूक आली तेव्हा त्याने काय केले, हे नोंदवण्यासाठी शोधतो. सोननाक तननाकने ठाणे सोडले नाही. आपण निदान त्याचे नाव सोडू नये.

जय भीम!