रोजमेळापासून विवरणपत्रापर्यंत : लहान व्यापाऱ्याच्या हिशेबाचे संगणकीकरण व करप्रणाली – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

लहान व्यापाऱ्याच्या हिशेबातील आकडे कर-विवरणपत्राच्या संगणक प्रणालीत नेणे ही सामान्यतः केवळ तांत्रिक सोयीची बाब समजली जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. पारंपरिक रोजमेळात दिवसाच्या नोंदींचा मेळ गल्ल्यातील रोकडीशी घातला जात असे. आज तोच मेळ शासकीय पोर्टलवरील माहितीशी घालावा लागतो. हे स्थित्यंतर हिशेबाच्या साधनांपुरते मर्यादित नसून हिशेबाच्या प्रामाण्याचे आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रोजमेळ, खतावणी, विवरणपत्र, व्हॅट, जी.एस.टी., संगणकीय लेखांकन

१. प्रस्तावना

भारतातील आर्थिक इतिहासलेखनात शेतसारा, चलन, सावकारी व गिरण्या या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या तुलनेत बाजारपेठेतील लहान दुकानदाराच्या वहीकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे लक्ष दिले गेले नाही. ही वही एकाच वेळी कौटुंबिक दस्तऐवज, कायदेशीर पुरावा आणि करआकारणीचा आधार होती. १९८० नंतरच्या चार दशकांत तिची जागा संगणकाने घेतली. या बदलाचे स्वरूप व त्याचे लहान व्यापाऱ्यावर झालेले परिणाम तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी करविषयक कायदे, न्यायनिर्णय आणि हिशेबपद्धतीची परंपरा यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. वहीची रचना व तिचे प्रामाण्य

महाराष्ट्रातील पारंपरिक हिशेबपद्धती 'कीर्द-खतावणी' या जोडशब्दाने ओळखली जाते. दिवसभराचे व्यवहार प्रथम कच्च्या टिपणात, त्यानंतर कीर्दीत म्हणजे रोजमेळात आणि अखेरीस खतावणीत ज्या त्या खात्यावर लिहिले जात. वर्षाअखेरीस सर्व खात्यांच्या शिलकांची तेरीज काढून ताळेबंद तयार होई. वहीच्या पानावर रेघा मारण्याऐवजी घड्या घालून रकाने पाडण्याची रीत होती. डाव्या बाजूस जमा व उजव्या बाजूस नावे अशी मांडणी असे. दुकानाचा दिवाणजी हे काम करी आणि त्याच्या अक्षराची, तशीच त्याच्या सचोटीचीही, पेठेत ओळख असे.

'रोजमेळ' हा शब्द येथे विशेष अर्थपूर्ण आहे. सायंकाळी दुकान बंद करण्यापूर्वी वहीतील शिल्लक व गल्ल्यातील रोकड यांचा मेळ घातला जाई. मेळ बसला नाही तर चूक सापडेपर्यंत दिवाणजीला उठता येत नसे. याचा अर्थ असा की, हिशेब खरा की खोटा याची पहिली कसोटी दुकानातच लागत असे.

वहीला कायद्यानेही मान्यता दिली होती. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३४ नुसार व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी न्यायालयात सुसंगत ठरत. मात्र केवळ अशा नोंदींवरून कोणावरही दायित्व लादता येत नसे. 'वही' कशास म्हणावे याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली व्ही. सी. शुक्ला प्रकरणी केला. एकत्र बांधलेली पाने म्हणजे वही होय, सुटे कागद म्हणजे वही नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. बांधणीला आलेले हे महत्त्व पेठेतील समजुतीशी जुळणारे होते. शिवलेल्या वहीतून पान काढले तर ते लपत नाही, हे प्रत्येक दिवाणजी जाणत होता.

३. करकायदा आणि व्यापाऱ्याची वही

१८६० साली जेम्स विल्सन यांनी भारतात आयकर आणला. पुढे १८८६, १९१८, १९२२ व १९६१ च्या अधिनियमांनी त्याचे स्वरूप घडत गेले. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने विक्रीकर सुरू झाला आणि १९५९ चा मुंबई विक्रीकर अधिनियम १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. या सर्व काळात कर अधिकारी व्यापाऱ्याची वही मागवून तपासत. वही विश्वसनीय वाटली नाही तर ती नाकारून स्वतःच्या अंदाजाने आकारणी करण्याचा अधिकार त्यांना होता. मात्र वही नाकारण्यासाठी कारण द्यावे लागे. त्यामुळे वादाचा आरंभबिंदू व्यापाऱ्याची वही हाच राहिला.

या व्यवस्थेतील पहिला मोठा बदल कालगणनेचा होता. अनेक व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे हिशेबाचे वर्ष पाळत आणि आयकर कायदाही त्यास मुभा देत असे. १९८७ च्या प्रत्यक्ष कर दुरुस्ती अधिनियमाने ही मुभा संपविली. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून सर्वांसाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. ज्यांचे वर्ष १९८७ च्या दिवाळीला संपले होते, त्यांना पुढील हिशेब ३१ मार्च १९८९ पर्यंत म्हणजे सुमारे सतरा महिन्यांचा द्यावा लागला. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा पुढेही होत राहिली, परंतु पूजेची वही आणि कराची वही यांची फारकत येथून सुरू झाली.

दुसरा बदल लेखापरीक्षणाचा होता. १९८४ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात कलम ४४अब घातले. त्यानुसार ४० लाख रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. वही आणि कर अधिकारी यांच्यामध्ये आता एक व्यावसायिक मध्यस्थ आला.

४. वहीतून संगणकात

१९८६ साली बंगळूर येथे श्यामसुंदर गोएंका व भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीची हिशेब प्रणाली पुढे 'टॅली' या नावाने देशभर पसरली. तिच्या लोकप्रियतेचे एक कारण हिशेबपद्धतीच्या इतिहासात शोधावे लागते. खात्याला सांकेतिक क्रमांक देण्याची गरज या प्रणालीत नव्हती. 'हमाली', 'तोलाई', 'चहापाणी' अशी खाती दिवाणजी वहीत लिहीत असे, त्याच नावाने ती संगणकात उघडता येत. म्हणजेच खात्याला नाव देण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडेच राहिला.

तथापि हे स्थलांतर वाटते तितके सरळ नव्हते. वहीत जमा डावीकडे असे, तर इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत डावी बाजू नावेची. दोन्ही पद्धतींची सवय नसलेल्या माणसाकडून आरंभीच्या शिलका उलट्या बाजूस पडण्याची शक्यता असे. उधारीवर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाचे वहीतील 'वाड्यावरचे आप्पा' हे नाव दुकानदाराला पुरेसे होते. संगणकाला पूर्ण नाव व पत्ता लागे आणि पुढे करदाता क्रमांकही लागू लागला. घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेली रक्कम वहीत एका ओळीत येई. संगणकात ती उचल की खर्च हे आधी ठरवावे लागे. लहान व्यापाऱ्याच्या व्यवहारातील मोघमपणा या टप्प्यावर प्रथमच अडचणीचा ठरला.

कायद्यानेही या बदलाची दखल घेतली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० द्वारे पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबांचा समावेश झाला. २००१ साली आयकर कायद्यातील हिशेबवहीच्या व्याख्येत फ्लॉपी, तबकडी वा फितीवर साठविलेल्या माहितीच्या छापील प्रती समाविष्ट करण्यात आल्या. शिवण ही वहीची ओळख कायद्याच्या दृष्टीने आता अनिवार्य उरली नाही.

५. जोडपत्राकडून रकान्याकडे

या इतिहासातील निर्णायक वळण २००७ साली आले, असे म्हणता येईल. तोपर्यंत व्यापारी आपले नफा-तोटा पत्रक व ताळेबंद विवरणपत्रास जोडत असे. ते पत्रक त्याच्या स्वतःच्या खात्यांच्या नावांनी तयार झालेले असे. करनिर्धारण वर्ष २००७-०८ पासून आयकर विभागाने जोडपत्राविना विवरणपत्रे आणली. ताळेबंद जोडायचा नव्हता, तर विवरणपत्राच्या ठरावीक रकान्यांत भरायचा होता.

वरवर पाहता ही सुधारणा कागद वाचविणारी होती. परंतु तिच्यामुळे खात्यांचे वर्गीकरण ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडून विवरणपत्राकडे गेला. हमाली, तोलाई व चहापाणी यांना विवरणपत्रात स्वतंत्र जागा नव्हती. ही खाती एकत्र करून 'इतर खर्च' या सदरात टाकणे भाग पडले. हिशेबाच्या प्रणालीतून आकडे निर्यात करून कराच्या प्रणालीत आयात करणे म्हणजे निव्वळ नक्कल नव्हे. ते एका वर्गीकरणाचे दुसऱ्या वर्गीकरणात केलेले भाषांतर होय. हे भाषांतर बहुधा कर सल्लागाराच्या कार्यालयात, मुदतीच्या अखेरच्या दिवसांत होत असे आणि सहीची जबाबदारी मात्र व्यापाऱ्याची राहत असे.

अगदी लहान व्यापाऱ्याला यातून सूट देण्याचाही प्रयत्न झाला. सुधारित कलम ४४अड नुसार, करनिर्धारण वर्ष २०११-१२ पासून, ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास उलाढालीच्या ८ टक्के नफा गृहीत धरून कर भरता येऊ लागला. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ही मर्यादा २ कोटी रुपये केली. अशा करदात्यावर हिशेबवही ठेवण्याची सक्ती नव्हती. तरीही त्याच्यासाठी असलेल्या 'सुगम' विवरणपत्रात देणी, येणी, मालसाठा व रोकड यांचे आकडे मागितले जात. वही ठेवली नाही तरी चालेल, पण वहीतूनच मिळू शकणारे आकडे द्या, अशी ही विसंगत स्थिती होती.

६. मेळाचे स्थान बदलते : व्हॅट आणि जी.एस.टी.

महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ हा १ एप्रिल २००५ पासून लागू झाला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हे या कराचे मर्म होय. त्यामुळे एका व्यापाऱ्याची खरेदी ही दुसऱ्याची विक्री म्हणून कोठेतरी नोंदलेली असणे आवश्यक ठरले. लेखापरीक्षणाच्या नमुना ७०४ मधील जे-१ व जे-२ या जोडपत्रांत अनुक्रमे ग्राहकनिहाय विक्री व पुरवठादारनिहाय खरेदी द्यावी लागे. या दोन याद्या संगणकावर परस्परांशी ताडून पाहता येत होत्या.

त्याचे गांभीर्य २०१२ साली स्पष्ट झाले. महालक्ष्मी कॉटन प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने कलम ४८(५) वैध ठरविले. शासनाच्या तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या कराइतकीच वजावट खरेदीदाराला मिळेल, असा या तरतुदीचा आशय होता. खरेदीदाराने बिल घेतले, पैसे दिले, नोंद अचूक केली, तरी विक्रेत्याने कर भरला नसेल तर वजावट जात असे. स्वतःची वही बिनचूक असणे आता पुरेसे राहिले नाही.

१ जुलै २०१७ रोजी आलेल्या जी.एस.टी. ने हेच तत्त्व देशव्यापी केले. मूळ रचनेत खरेदीदाराने स्वतःच्या खरेदीचे 'जी.एस.टी.आर.-२' हे विवरणपत्र भरून पुरवठादाराच्या नोंदीशी ते जुळवावे, अशी योजना होती. म्हणजे मेळात खरेदीदारालाही बोलण्यास जागा होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये हे विवरणपत्र स्थगित झाले व पुढे ते अमलात आलेच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुरवठादाराने न दाखविलेल्या बिलांवरील वजावटीवर २० टक्क्यांची मर्यादा आली. ती क्रमाने १० व ५ टक्क्यांवर आणली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून ही सवलत पूर्णतः संपली. २०२० पासून पोर्टलवर तयार होणारे 'जी.एस.टी.आर.-२ब' हे पत्रक वजावटीचा आधार बनले.

या काळात लहान व्यापाऱ्याला मदतही दिली गेली. २०१९ मध्ये जी.एस.टी. नेटवर्कने वार्षिक दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांसाठी बिल व हिशेबाची प्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिचे मूल्य नाकारता येत नाही. बनावट बिलांना आळा घालण्याची शासनाची गरजही खरी होती. तथापि प्रणाली मिळाल्याने मूळ असमतोल दूर झाला नाही. पुरवठादाराने एका अंकाची चूक केली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार खरेदीदाराकडे नव्हता, परंतु रोख रकमेची झळ मात्र त्यालाच बसत होती.

७. इतिहासाच्या साधनांचा प्रश्न

या स्थित्यंतराची आणखी एक बाजू इतिहासाच्या अभ्यासकांशी संबंधित आहे. जुन्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर जपल्या जात. मोडी वाचणाऱ्याला त्या आजही वाचता येतात. त्यांत भाव, मजुरी, सणासुदीचा खर्च, दुष्काळातील थकबाकी अशी समाजजीवनाची माहिती असते. याउलट जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे पुरेसे आहे. जुन्या आवृत्तीतील संगणकीय हिशेब नव्या आवृत्तीत रूपांतरित केल्याशिवाय उघडत नाही. शासनाकडे पोचलेल्या आकड्यांत 'इतर खर्च' उरतो, त्यातील हमाली व तोलाई नाहीशी होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या बाजारपेठेविषयी उद्याच्या इतिहासकाराला १९२० च्या पेठेपेक्षा कमी माहिती मिळण्याचा धोका आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हिशेबाचे करप्रणालीतील स्थलांतर ही यांत्रिक क्रिया नाही. तिच्यात वर्गीकरणाचे अधिकार बदलतात.

२) १९८९ मध्ये वर्ष, २००७ मध्ये खात्यांची सदरे आणि २०२२ मध्ये मेळाचे प्रमाण, अशा क्रमाने हिशेबाची तीन मूलभूत अंगे व्यापाऱ्याच्या हातून शासकीय रचनेकडे गेली.

३) संगणकीकरणामुळे करचुकवेगिरीला प्रतिबंध झाला, तरी दुसऱ्याच्या चुकीचा भार प्रामाणिक लहान खरेदीदारावर पडला. पुरवठादाराच्या नोंदीवर खरेदीदाराला आक्षेप नोंदविण्याची व तो निकाली निघेपर्यंत वजावट टिकण्याची तरतूद न्याय्य ठरेल.

४) महाविद्यालयांच्या इतिहास व वाणिज्य विभागांनी आपल्या परिसरातील दुकानांच्या जुन्या वह्या व जुने संगणकीय हिशेब, मालकांच्या संमतीने, जतन करण्याचे काम एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम २८ मध्येही व्यवसायाच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाचे महत्त्व कायम आहे. न्यायालयाच्या दृष्टीने व्यापाऱ्याचा हिशेब अजूनही त्याची साक्ष आहे. करप्रणालीत मात्र त्या साक्षीचे मोल दुसऱ्याच्या नोंदीवर ठरू लागले आहे. रोजमेळाचा 'मेळ' गल्ल्याशी होता तोवर तो बसविणे व्यापाऱ्याच्या हाती होते. तो त्याच्या हाती पुन्हा कितपत येतो, यावर या संगणकीकरणाचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील.