साष्टींतील इगर्ज आणि ख्रिस्तपुराणाची पोथी

जुन्या मराठी पोथ्यांचा शोध करूं लागलें म्हणजे आपली पावलें सहजच मठाकडे, देवळाच्या भांडारघराकडे किंवा एखाद्या पुराणिकाच्या माळ्याकडे वळतात. इगर्जीकडे मात्र तीं क्वचितच वळतात. ओवीबद्ध मराठी ग्रंथ जेथें सणावारीं मंडळीसमोर वाचला जात असे, अशा स्थळांत सतराव्या शतकांतील साष्टी प्रांतांतील ख्रिस्ती देवळांचीही गणना केली पाहिजे, हें आपल्या ध्यानीं येत नाहीं. ही उपेक्षा केवळ अनास्थेची नाहीं. तिच्यामुळें कांहीं पोथ्या आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होण्याचा संभव आहे. म्हणून त्या काळच्या इगर्जींतील उपासना, तिच्याभोंवतीं जमलेला गांव आणि या दोहोंतून निर्माण झालेली पोथी यांचा संबंध काय, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत दाखविण्याचें योजिलें आहे.

साष्टी हा गोमंतकाचा दक्षिणेकडील तालुका. सहासष्ट गांवांचा म्हणून साष्टी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. इ. स. १५४३ च्या सुमारास हा प्रांत बारदेशासह आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे आला. १५६० पासून जेसुइट पाद्री येथें धर्मप्रसारार्थ वावरूं लागले, आणि १५६६-६७ या वर्षांत प्रांतांतील हिंदु देवालयें पाडण्यांत आलीं. देवालयांच्या जमिनींचें उत्पन्न पुढें ख्रिस्ती देवळांच्या खर्चाकडे लावलें गेलें. ही उलथापालथ शांतपणें झाली नाहीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्याचे चार जेसुइट सहकारी यांस ठार केलें. पुढें गांवच्या पुढाऱ्यांस असोळणें येथें बोलावून त्यांचाही वध करण्यांत आला. इगर्जींतील भजनपूजनाचा विचार करतांना हा रक्तपात दृष्टिआड करून चालणार नाहीं. ज्या मंडळीपुढें पुढें पुराण वाचलें गेलें, तिच्यांतील वृद्धांनीं आपलें जुनें ग्रामदैवत पाहिलेलें होतें.

कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या पाद्र्यांचीं शरीरें मिळवून राशोल येथें त्यांचें दफन करविणारा जो पाद्री, तोच आपल्या पोथीचा कर्ता होय. फादर थॉमस स्टीफन्स हा जातीनें इंग्रज. विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मला. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास उतरला, आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंतचें त्याचें बहुतेक आयुष्य साष्टींतच गेलें. १५८३ सालच्या, भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती असल्याचें नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशें वर्षें आधींची ही नोंद आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां इगर्जीकडे वळूं. त्या काळीं प्रत्येक मोठ्या गांवीं एक इगर्ज, तिच्याशेजारीं शाळा आणि पुढें मोकळें पटांगण, अशी रचना हळूहळू रूढ झाली. आदितवारीं मिस्सा होई. तिची भाषा लॅटिन. ती यजमान पाद्र्यास कळे, मंडळीस कळत नसे. म्हणून मिस्सेखेरीज ‘दोत्रिन’ म्हणजे धर्मतत्त्वांचें प्रश्नोत्तररूप पाठांतर देशभाषेंतून होई. शाळेंतील मेस्त मुलांस अक्षरओळख, दोत्रिन आणि गायन शिकवी. तोच इगर्जींतील गायनाचा प्रमुख. गोमंतकीय ख्रिस्ती समाजांत पुढें जी गानपरंपरा वाढली, तिचें मूळ या मेस्तांच्या शाळांत आहे. गांवच्या क्रुसापुढें सायंकाळीं जमून लदीन म्हणण्याचा आणि नव्या भाताचीं कणसें समारंभानें कापून इगर्जींत आणण्याचा प्रघातही गोमंतकांत आजवर टिकून आहे. कणसांच्या सणांत ख्रिस्ती विधीखालीं जुना कृषिविधि नांदतो, हें कोणाही जाणत्यास दिसेल.

उपासना बदलली, पण गांव बदलला नाहीं. गांवकरीची संस्था पोर्तुगीजांनीं मोडली नाहीं. तिजकडून सारा घेतला आणि तिच्याच माथीं इगर्जीचा भार घातला. पूर्वीं देवालयांत जे मानपान वांगडांच्या क्रमानें चालत, ते आतां इगर्जीच्या उत्सवांत चालूं लागले. कॉन्फ्रारिया म्हणून जीं उपासक-मंडळें स्थापन झालीं, त्यांचे सभासद मिरवणुकींत विशिष्ट रंगाचा झगा घालून चालत. आणि अमुक कॉन्फ्रारिया ब्राह्मणांची, अमुक चारड्यांची, असा जातिभेद तेथेंही शिरला. मिरवणुकींत पुढें कोणी चालावें यावरून झालेले तंटे गोमंतकांत थोडे नाहींत. तेव्हां इगर्ज ही केवळ प्रार्थनेची जागा नसून गांवाची प्रतिष्ठा जेथें मापली जाई अशी सभा होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अशा या सभेंत एक उणीव राहिली होती, आणि ती कोणती हें स्वतः ख्रिस्तपुराणच सांगतें. ग्रंथारंभीं असा प्रसंग वर्णिला आहे कीं, साष्टींत पाद्री मुलांस दोत्रिन शिकवीत असतां एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढें येऊन विनंति करतो: दोत्रिन चांगली खरी, पण जुनीं पुराणें आम्हांस मना केलीं आहेत, त्यांच्या जागीं मन रमेल असें नवें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रसंग घडलेला असो वा ग्रंथकारानें योजिलेला असो, त्यांतील सत्य बाधित होत नाहीं. पिढ्यान्पिढ्या पुराणश्रवण केलेल्या समाजास केवळ पाठांतरानें तृप्ति होत नव्हती. ऐकण्याची भूक होती, आणि तिचें अन्न राजाज्ञेनें काढून घेतलें होतें.

या मागणीस उत्तर म्हणून स्टीफन्सनें सुमारें ११ हजार ओव्यांचा ग्रंथ रचिला. त्याचे दोन भाग: ‘पैलें पुराण’, ३६ अवस्वरांचें, यांत सृष्ट्युत्पत्तीपासूनचा जुना करार, आणि ‘दुसरें पुराण’, ५९ अवस्वरांचें, यांत ख्रिस्तचरित्र. भाषा ग्रंथांची मराठी. श्रोत्यांस सुलभ व्हावी म्हणून तींत गोमंतकांतील बोलीचे शब्द जागोजाग मिसळले आहेत. ओवीचें वळण, वैकुंठ, भक्ति, मुक्ति इत्यादि शब्द, गुरुशिष्यांचा संवाद हे सर्व मराठी पुराणकारांच्या वाटेनें जाणारे. मराठी भाषेची प्रशंसा करणाऱ्या त्याच्या ओव्या तर ग्रंथ न पाहिलेल्यांसही पाठ असतात. हा ग्रंथ १६१६ मध्यें राशोल येथें प्रथम छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा छापला. आदितवारीं व सणांच्या दिवशीं इगर्जींत त्याचें वाचन होऊं लागलें.

स्टीफन्स हा एकटाच नव्हता. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटानें रचिलेलें सेंट पीटरवरील ओवीबद्ध पुराण १६२९ पासून बाहेर पडूं लागलें, आणि आंतोनियो द साल्दांज याची संत आंतोनीची जीवित्वकथा १६५५ मध्यें निघाली. स्टीफन्सची ‘दोत्रिन’ १६२२ मध्यें व कोंकणी व्याकरण १६४० मध्यें, दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालीं. गोमंतकासारख्या लहानशा प्रांतांतून अर्ध्या शतकांत देशभाषांचे इतके ग्रंथ छापले जावे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मुद्रणेतिहासांत अपूर्व आहे.

हे सर्व ग्रंथ रोमन लिपींत छापले गेले. देशी लिपीचे ठसे पाडावे अशी स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ सालच्या एका पत्रांत त्यानें रोम येथील वरिष्ठांस याविषयीं लिहिलें आहे. जोडाक्षरांमुळें सुमारें ६०० ठसे लागतील, पण ते २०० पर्यंत आणतां येतील, असा हिशेबही दिला आहे. ती इच्छा सफल झाली नाहीं. तसें घडतें तर मराठी मुद्रणाचा इतिहास दोनशें वर्षें आधीं सुरू झाला असता.

यापुढील काळ ओहोटीचा. १६८४ च्या जून महिन्यांत व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें देशभाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज स्वीकारावी असा हुकूम काढला. १७३६ मध्यें इन्क्विझिशननें जो जाहीरनामा लाविला, त्यांत नवख्रिस्तींनीं लग्नप्रसंगीं ओव्या गाण्यासही मनाई केली. ज्या ओवीनें इगर्जींत ख्रिस्तचरित्र गाइलें, तीच ओवी त्याच लोकांच्या मांडवांत गुन्हा ठरावी, यांतील विसंगति वाचकांनींच पाहावी. १७५९ मध्यें जेसुइटांची गोव्यांतून हकालपट्टी झाली आणि ग्रंथास आश्रय देणारा संघच नाहींसा झाला.

तरीही पुराण मेलें नाहीं. तें छापखान्यांतून निघालें, पण जगलें तें हस्तलेखांत. तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाही आवृत्तीची छापील प्रत आज ज्ञात नाहीं. आपणांस जें उपलब्ध आहे तें भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. गोव्यांतून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हें पुराण कानड्यांत नेलें. १७८४ मध्यें टिपूनें तेथील ख्रिस्ती समाज श्रीरंगपट्टणास बंदींत नेला व १७९९ मध्यें त्याच्या मृत्यूनंतर वांचलेले परतले. एवढ्या हालांतूनही मंगळूरकडे प्रती टिकल्या. त्यांवरूनच जोसेफ साल्डाना यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरींत तो सबंध स्वरूपांत शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्यास प्रसिद्ध केला. पुढें फादर नेल्सन फालकांव यांनीं २००९ मध्यें अर्थासह आवृत्ति काढली.

येथें पोथीसंग्राहकांच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न उपस्थित होतो. लंडन येथील प्राच्यविद्यालयांत विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांत या पुराणाची एक देवनागरी प्रत आहे. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार डॉ. जस्टिन अॅबट यांनीं १९२३ मध्यें तिची माहिती प्रसिद्ध करून तीच ग्रंथाची मूळ संहिता होय, असें मत मांडलें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द येतात, तेथें या प्रतींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात, हा त्या मताचा आधार. परंतु याच गोष्टीवरून उलट अनुमानही निघतें. संस्थेचे अधिकारी धार्मिक संज्ञांविषयीं दक्ष असत. त्यांच्या संमतीनें छापलेल्या ग्रंथांत परके शब्द असणें स्वाभाविक आहे. तो ग्रंथ इगर्जीबाहेरील वाचकासाठीं देवनागरींत उतरतांना कोणी जाणत्यानें ते शब्द बदलले असणेंही तितकेंच संभवनीय आहे. आमच्या मतें, उपासनेचा संदर्भ ध्यानीं घेतां दुसरा पक्ष अधिक बळकट वाटतो. कारण दोत्रिनींत रोज घोकलेल्या संज्ञा पुराणांत न येत्या, तर श्रोत्यांस दोहोंचा मेळ लागला नसता. तथापि ही केवळ अनुमानाची बाजू झाली. निर्णय होईल तो आणखी प्रती सांपडून त्यांची ताडणी झाली तरच.

आणि प्रती सांपडण्यास अडथळा आहे तो लिपीचा. रोमन अक्षरांतील जुना कागद हातीं आला म्हणजे आपण तो पोर्तुगीज समजून बाजूस ठेवतों. पोर्तुगीज जाणणारा तो वाचूं लागला कीं अर्थ लागत नाहीं म्हणून टाकून देतो. अशा कागदाची ओळख पटविण्याच्या कांहीं खुणा सांगतां येतील. णकार दाखविण्यास रोमन ‘एन’ अक्षर दोनदां लिहितात. टकार-डकारासही तशीच द्विरुक्ति. शकाराच्या जागीं ‘एक्स’ येतो. शब्दान्तीं अनुस्वारासाठीं ‘एम’ असतो, यामुळें ‘पैलें’, ‘दुसरें’ अशा शब्दांच्या शेवटीं तें अक्षर वारंवार दिसतें. पानावर चार-चार चरणांचे गट असले आणि या खुणा जुळल्या, तर तो कागद मराठी ओवीचा आहे असें समजून चालावें. अशा लेखनास भाषाशास्त्राचेंही मोल आहे. नागरींत व मोडींत न दिसणारा अंत्य अकाराचा उच्चार रोमन लेखकास लिहावा तरी लागतो किंवा सोडावा तरी लागतो.

तसेंच, पोथीचा मजकूर तेवढा उतरून घेऊन पोथीकडे दुर्लक्ष करूं नये. कोणत्या अवस्वराचीं पानें अधिक मळलीं आहेत, समासांत कोणत्या सणाची खूण आहे, मेणाचे ठिपके कोठें पडले आहेत, यांवरून कोणता भाग केव्हां वाचला जाई हें कळण्याचा संभव आहे. कॉन्फ्रारियांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि गांवकरीचे गोयकानडी लिपींतील लेख यांचीही त्याच वेळीं पाहणी व्हावी. पोथी, हिशेब व गांवकरीचा लेख हे तीन साक्षीदार एकत्र आणल्यावांचून त्या काळच्या इगर्जीचें चित्र पुरें होणार नाहीं.

ख्रिस्तपुराण मराठी वाङ्मयेतिहासांत एका परदेशीयाचें नवल म्हणून गणलें जातें. पण तें ज्यांनीं मागितलें, ऐकलें, उतरून घेतलें आणि संकटांतून वाहून नेलें, ते सर्व याच भूमीचे लोक होते. त्यांनीं जपलेल्या पोथ्यांचा शोध घेणें हें आपलें काम आहे. गोमंतक, सावंतवाडी, कारवार व मंगळूर या टापूंतील ज्या सज्जनांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत, एवढीच विनंति.